कोटेशनवर लिहिलंय 'सर्व कामावर १० वर्षे वॉरंटी': घराच्या कामात प्रत्यक्षात काय लिहून घ्यावं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. घराचं मोठं काम काढतोय. दोन बाथरूम पूर्ण फोडून नव्याने, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटं, चार खिडक्या, आतून-बाहेरून रंग. ठेकेदाराच्या कोटेशनच्या तळाशी एकच ओळ आहे: "सर्व कामावर १० वर्षे वॉरंटी." याहून जास्त काही नाही. वॉटरप्रूफिंगचं केमिकल ज्या कंपनीचं आहे तिची वेगळी वॉरंटी मिळेल, असंही तो सांगतो.

या विषयातल्या जाणकारांना विचारायचंय:

एक, ही ओळ पुढे खरंच उपयोगी पडते का? नसेल तर काय लिहून घ्यायचं?
दोन, कंपनीची वॉरंटी आणि ठेकेदाराची वॉरंटी, कोणती कधी लागू होते?
तीन, काम चालू असतानाच काय तपासून ठेवावं?
चार, टाइल आणि नळ आम्ही स्वतः आणतोय. त्याने काही बिघडतं का?

---

ओळंबा

ती ओळ जशी आहे तशी जवळपास निरुपयोगी आहे. वर्षांचा आकडा मोठा आहे, पण कशाची हमी, कोण देणार, कोणत्या तारखेपासून आणि बिघडलं तर नेमकं काय करून देणार, यातलं एकही तिथे नाही. गळती झाली की ठेकेदार म्हणणार "ही प्लंबिंगची आहे", प्लंबर म्हणणार "ही वॉटरप्रूफिंगची आहे", केमिकल कंपनी म्हणणार "आमचा माल चांगला, लावताना चूक झाली". वॉरंटीचे वाद वर्षांवरून फार कमी होतात, कारणावरून होतात. त्यामुळे सगळा जोर कारण सिद्ध करता येईल अशा नोंदींवर द्या.

तुमच्या कामात हमीचे थर वेगवेगळे आहेत. मालाची हमी कंपनी देते. कारागिरीची हमी ठेकेदार देतो. तिसरी जरा दुर्मीळ: कंपनी आणि तिचा अधिकृत अॅप्लिकेटर (केमिकल लावून देणारा) मिळून पूर्ण सिस्टीमची हमी देतात. वॉटरप्रूफिंगमध्ये ही तिसरी मिळत असेल तर तीच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

कारण असं. केमिकल स्वतःहून खराब निघण्याचे प्रसंग थोडे. बाथरूम गळतं ते चार ठिकाणी: जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात वाटा (मसाल्याची गोलाई) दिलेला नसतो, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या भागाच्या) कडेला थर नीट चिकटलेला नसतो, पाइप जिथे स्लॅब भेदून जातो तिथली पोकळी भरलेली नसते, किंवा थर झाल्यावर कोणीतरी त्यावर छिन्नी चालवलेली असते. हे चारही कारागिरीचे दोष. कंपनीचं पत्र वाचलंत तर बहुधा "सदोष माल बदलून देऊ" एवढंच असतं. म्हणजे फार तर केमिकलच्या पिशव्या मिळतील. पण बाथरूम पुन्हा करायचं म्हणजे कमोड, बेसिन काढा, टाइल फोडा, मलबा उचला, थर लावा, पुन्हा टाइल, पुन्हा फिटिंग, खालच्या छताचा गिलावा आणि रंग. या सगळ्या खर्चात केमिकलचा वाटा किरकोळ असतो.

आता तपासणी. बाथरूमच्या थराची जाडी डोळ्यांनी कळत नाही, पण मालाच्या हिशेबाने कळते. कंपनीच्या माहितीपत्रकावर (डेटाशीटवर) दोन हातांना मिळून चौरस मीटरला किती किलो लागतात ते छापलेलं असतं. समजा २ किलो आहे. जमीन ४ चौ. मी., भिंतींवर चढवलेला भाग १० चौ. मी., म्हणजे १४ चौ. मी. आणि २८ किलो माल. १५ किलोचे सेट असतील तर दोन सेट रिकामे व्हायला हवेत. एकच सेट फुटलेला दिसला तर थर निम्मा आहे, मग वर कितीही गुळगुळीत दिसो. रिकाम्या पिशव्यांचा फोटो बॅच क्रमांक आणि तारीख दिसेल असा काढून ठेवा. पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि मधलं अंतर डेटाशीटप्रमाणे. शॉवरच्या भागात भिंतीवर १.८ मीटरपर्यंत, बाकी ठिकाणी निदान ३०० मिमी.

मग पाणी भरून ठेवायची चाचणी. ही दोनदा: थर वाळल्यावर टाइलच्या आधी, आणि टाइल-ग्राउट (टाइलच्या फटी भरणं) झाल्यावर. पहिलीच महत्त्वाची. दुसऱ्या वेळी दोष सापडला तर टाइल फोडाव्या लागतात.

- नहाणी ट्रॅप हवेच्या प्लगने बंद करा. चिंधी कोंबून केलेलं बूच झिरपतं आणि पातळी उतरली की थराला दोष दिला जातो.
- दारात विटा-मसाल्याचा छोटा बांध घाला. उंच भागात २५ मिमी, सखल भागात ५० मिमीच्या आसपास पाणी भरा.
- भिंतीवर दोन-तीन जागी पातळीची पेन्सिल-रेघ, शेजारी तारीख आणि वेळ. फोटो.
- त्याच खोलीत एक उथळ ट्रे पाण्याने भरून ठेवा. ट्रेमधलं आणि जमिनीवरचं पाणी सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. जमिनीवरचं जास्त उतरलं तर झिरप.
- निदान २४ तास, शक्य तर ४८ ते ७२. खालच्या छताकडे सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बघा. ओल लगेच दिसेलच असं नाही, कोबा आणि स्लॅब आधी पाणी पितात.

गच्चीला हीच पद्धत, पण भार लक्षात घ्या. ५० मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरवर ५० किलो. १:१०० उतार असलेल्या ६ मीटर लांब गच्चीत एका टोकाला ५० मिमी भरलं की दुसऱ्या टोकाला ११० मिमी होतं. म्हणून बांध घालून तुकड्या-तुकड्याने भरा, आणि स्लॅब जुना असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

या चाचणीच्या कागदावर ठेकेदाराची सही घ्या. पुढे गळती झाली तर "त्या दिवशी थर टिकला होता, मग नंतर काय झालं" इथून चर्चा सुरू होते, आणि ते तुमच्याइतकंच ठेकेदाराच्याही फायद्याचं आहे. चांगला ठेकेदार या सहीला कुरकुर करत नाही.

---

करारनामा

ओळंबा यांनी तांत्रिक बाजू सांगितली, मी कागदाची सांगतो. सगळ्या कामाला एकच मुदत कधीच नको. रंगाला दहा वर्षं आणि वॉटरप्रूफिंगलाही दहा वर्षं असं लिहिणाऱ्याने दोन्हींचा विचार केलेला नाही, हे उघड आहे. कामानिहाय वेगळं परिशिष्ट करा. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचा मजकूर साधारण असा असावा:

"ठेकेदार सदर पत्त्यावरील दोन्ही बाथरूमची जमीन, शॉवरच्या भागातील भिंती १८०० मिमीपर्यंत व इतर भिंती ३०० मिमीपर्यंत, स्लॅब भेदून जाणाऱ्या सर्व पाइपांभोवतीचे सांधे आणि नहाणी ट्रॅपचे जोड यांतून पाणी झिरपणार नाही याची हमी ताबा-पत्राच्या तारखेपासून ५ वर्षे देत आहे. गळतीची लेखी सूचना मिळाल्यापासून ७ दिवसांत पाहणी व पाहणीनंतर १५ दिवसांत दुरुस्ती सुरू केली जाईल. फोडणे, मलबा हलवणे, नवीन थर, टाइल व ग्राउट, फिटिंग काढून पुन्हा बसवणे, तसेच खालील छताचा गिलावा व रंग पूर्ववत करणे यांचा साहित्य व मजुरीसह सर्व खर्च ठेकेदाराचा राहील. दुरुस्त केलेल्या भागास दुरुस्तीच्या तारखेपासून १२ महिने अथवा मूळ हमीची उरलेली मुदत, यांपैकी जी जास्त असेल ती लागू राहील."

यातल्या तीन गोष्टी लोक हमखास सोडतात.

पहिली, सुरुवातीची तारीख. ठेकेदाराची हमी ताबा दिल्यापासून धरायची. कंपनीची बहुधा बिलाच्या तारखेपासून चालू होते. गीझर किंवा एक्झॉस्ट फॅन काम सुरू होतानाच आणून ठेवले आणि काम आठ महिने चाललं, तर दोन वर्षांच्या वॉरंटीतले आठ महिने खोक्यातच संपले. विजेची उपकरणं आणि मोटार शेवटच्या टप्प्यातच मागवा.

दुसरी, बिल कोणाच्या नावावर. ठेकेदाराने स्वतःच्या नावाने घाऊक खरेदी केली असेल तर कंपनीच्या लेखी ग्राहक तो आहे. काही वॉरंट्या फक्त मूळ खरेदीदारालाच असतात. बिलावर तुमचं नाव, कामाचा पत्ता, मॉडेल आणि सिरीयल किंवा बॅच क्रमांक हवा. अंतिम बिलाची रक्कम देण्याआधी हे कागद हातात घ्या, नंतर मागत बसू नका.

तिसरी, परिणामी नुकसान. वरचं बाथरूम गळलं आणि खालचं लाकडी कपाट फुगलं, तर कपाटाचं कोण देणार? बहुतेक छापील वॉरंट्या हे स्पष्टपणे वगळतात. ठेकेदार सगळं मान्य करणार नाही, पण निदान छत, रंग आणि भिंतींचं मान्य करून घ्या. उरलेल्यासाठी घराच्या विम्यात पाण्याच्या नुकसानीचं कलम काय म्हणतं ते बघा.

वगळलेल्या बाबींची यादी नीट वाचा. "इमारतीच्या हालचालीमुळे पडलेल्या भेगा" हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं आणि ते वाजवीही आहे. पण मोजमाप नसलेलं "केसासारख्या भेगा वगळून" हे धोक्याचं, कारण उद्या २ मिमीची भेगसुद्धा केसासारखी ठरवली जाईल. रुंदी लिहा: ०.३ मिमीपर्यंतची, न वाढणारी, ओल न येणारी भेग चालेल, त्यापुढची दुरुस्तीला पात्र. "नैसर्गिक झीज" आणि "देखभालीअभावी" हेही सुटसुटीत लिहून घ्या: कोणती देखभाल, किती महिन्यांनी. गच्चीच्या पत्रात "पन्हाळी दर ६ महिन्यांनी साफ करणे" असेल तर साफ केल्याचा तारीखवार फोटो ठेवा. देखभालीची नोंद नाही म्हणून दावा नाकारला जाणं अगदी नेहमीचं आहे.

आणि "प्रो-राटा" हा शब्द दिसला की थांबा. त्याचा अर्थ दरवर्षी भरपाई घटते. १० वर्षांच्या पत्रात ७ वर्षं उलटली असतील तर मालाच्या किमतीचा ३० टक्के भाग मिळणार, तोही बहुधा मूळ किमतीवर.

शेवटचं हत्यार म्हणजे रोखून धरलेली रक्कम. बिलाच्या ५ टक्के रक्कम ताब्यानंतर राखून ठेवायची, निम्मी यादीतली अपुरी कामं झाल्यावर, उरलेली दोष-दुरुस्तीची मुदत संपल्यावर. घराच्या कामात १२ महिने योग्य, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा त्यात येतो. भेगा आणि ओल याच काळात स्वतःला दाखवतात.

---

रंधा

फिनिशिंगच्या मालाबद्दल थोडं.

टाइल: खोक्यावरच लिहिलेलं असतं की रंगछटा आणि माप लावण्याआधी तपासा, लावल्यावर तक्रार घेतली जाणार नाही. हे अक्षरशः खरं धरा. सगळी खोकी आली की बॅच, शेड आणि कॅलिबर (नेमक्या मापाचा गट) क्रमांक एकच आहे ना बघा, तीन-चार खोक्यांतल्या टाइल जमिनीवर पसरून उजेडात पाहा. खोक्याची लेबलं कापून फाइलला लावा. त्याच बॅचची एक-दोन खोकी जास्तीची ठेवा. दुरुस्तीची हमी असली तरी दोन वर्षांनी तीच शेड बाजारात मिळत नाही, आणि मग बाथरूमच्या मधोमध वेगळ्या रंगाचा चट्टा राहतो. पोकळ वाजणाऱ्या टाइल मात्र कारागिरीत येतात. नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहा. कोपरा पोकळ असेल तर ती पुढे तिथेच फुटते. शेजारच्या दोन टाइलच्या कडांमधली उंची १ मिमीपेक्षा जास्त नको. हा आकडा करारात घाला, नाहीतर "एवढं चालतंच" ऐकावं लागेल.

प्लायवूड: "आजीवन वाळवीविरोधी हमी" म्हणजे बहुधा प्लायचा ताव बदलून मिळणार. त्यावरचा लॅमिनेट, बिजागऱ्या, सुताराची मजुरी, सगळं तुमचं. ताव कापताना शिक्का असलेला तुकडा जपून ठेवा, किंवा शिक्का कपाटाच्या मागच्या आतल्या बाजूला येईल असा सुताराला सांगून कापून घ्या. शिक्का नसेल तर तो ताव त्याच कंपनीचा होता हे दाखवायला काही उरत नाही. भिंतीतून येणारी वाळवी हा वेगळा विषय, त्याला पेस्ट कंट्रोलचं स्वतंत्र पत्र लागतं. सिंकखालच्या कपाटाला ओल लागून प्लाय फुगला तर प्लाय कंपनी हात वर करते, तेव्हा तिथे कडा पूर्ण सील केल्या आहेत ना हे बसवण्याआधीच बघा.

रंग: रंगाच्या कंपन्यांची हमी एका डब्यावर नसते, पूर्ण पद्धतीवर असते. ठरलेला प्रायमर, ठरलेले दोन हात, ठरलेलं पाणी. प्रायमर दुसऱ्या कंपनीचा वापरला की पत्र रद्द. नवा गिलावा निदान २८ दिवस वाळल्याशिवाय रंग लावू नका. आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, लोणा धरतो, पापुद्रे सुटतात, आणि कंपनी म्हणते की पृष्ठभाग ओला होता. ते म्हणणं बरोबरच असतं. म्हणून आधी गळती थांबवायची, भिंत वाळवायची, मग रंग. हा क्रम उलटला तर कोणतीच हमी उपयोगाची नाही.

खिडक्या: चौकट, बिजागरी-कुलूप, काच आणि बसवणं यांच्या चार वेगळ्या मुदती असतात. जाहिरातीत दिसते ती चौकटीची. दुहेरी काचेच्या आत धुकं धरणं काचेच्या हमीत येतं, चौकटीच्या कडेने पाणी येणं बसवणाऱ्याच्या. बसवल्यावर बाहेरून पाइपने पाणी मारून पाहा, खालून वर, प्रत्येक कडेला दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी ओघळून खालच्या कडेतही शिरतं आणि नेमकं कुठून येतंय ते कळत नाही.

---

उंबरठा

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून धन्यवाद. ठेकेदाराशी बोलणं झालं. चाचण्या आणि परिशिष्ट त्याला मान्य आहे. दोन गोष्टींवर अडलंय. रक्कम रोखून धरायला तो तयार नाही, म्हणतो कामाचे पैसे कामाबरोबर. आणि तुमच्या टाइल आणि नळांची कसलीच हमी देणार नाही म्हणतो. हे दुसरं रास्त आहे का?

---

नळजोड

अर्धं रास्त आहे. नळाच्या आतला कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा भाग, खराब निघाला तर तो कंपनीचा. पण नळ बसवताना आटे वेडेवाकडे चढले, टेफ्लॉन कमी पडला, भिंतीतला कोन तिरका बसला, हे त्याचंच काम, नळ कोणीही आणलेला असो. लिहून घ्यायचं ते असं: मालकाने आणलेल्या मालातील उत्पादन-दोष वगळता बसवण्याच्या कामाची पूर्ण हमी ठेकेदाराची. आणखी एक कलम: माल बसवण्याआधी ठेकेदार तो तपासेल आणि दिसणारा दोष असेल तर लेखी कळवेल, न कळवता बसवला तर माल ठीक होता असं धरलं जाईल. कारण तडा गेलेली टाइल डोळ्यांदेखत लावून नंतर "माल तुमचा" म्हणणं चालू देऊ नका.

पोकळी राहते ती मजुरीची. नळ कंपनीने बदलून दिला, पण तो काढून नवा बसवायची मजुरी कोणाची? कंपनी देत नाही, ठेकेदारही देणार नाही. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत, म्हणजे डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) आणि कन्सील्ड (भिंतीत दडवलेला) व्हॉल्व्ह, हा खर्च मोठा आहे. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: भिंतीच्या आत जे जातं ते ठेकेदारालाच आणू द्या, मॉडेल तुम्ही ठरवा. बाहेर दिसतं ते खुशाल स्वतः आणा.

पाइपांची दाब-चाचणी गिलाव्याआधी कराच. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब, हवा पूर्ण काढून. सीपीव्हीसी (चिकटवून जोडायचा प्लास्टिक पाइप) असेल तर शेवटचा सांधा चिकटवल्यावर २४ तास थांबा, मग दाब द्या. गेज (दाबमापक) लावून निदान २ तास सुई हलता कामा नये. सुरुवातीचा आणि शेवटचा गेजचा फोटो. टाइल झाल्यावर, फिटिंग बसवण्याआधी, पुन्हा एकदा. टाइल लावताना पाइपला खिळा लागणं किंवा ग्राइंडर लागणं नेहमीचं आहे. त्याच वेळी उघड्या भिंतीतल्या पाइपांचे फोटो मोजपट्टी धरून काढा, म्हणजे नंतर ड्रिल कुठे चालवायचं नाही हे कळेल.

आणि पुढे गळती झालीच तर आधी कोणालाही फोडू देऊ नका. दुसऱ्याने फोडलं की मूळ ठेकेदाराची हमी बहुधा संपते आणि पुरावाही जातो. क्रमाने कारण शोधा:

१. आधी पाण्याचा दाब तसाच ठेवून सगळे नळ बंद करा आणि मीटर बघा, त्यानंतरच बाथरूमकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. काहीही न वापरता मीटर फिरतोय किंवा वापर नसतानाही ओल वाढतेय, तर पुरवठ्याच्या पाइपचा दोष.
२. ओल वाळू द्या. मग नुसतं ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, जमीन कोरडी ठेवून. खाली आलं तर निचऱ्याचा पाइप किंवा ट्रॅपचा जोड.
३. तेही नाही, तर ट्रॅपला प्लग लावून जमिनीवर पाणी भरा, २४ तास. खाली आलं तर वॉटरप्रूफिंगचा थर.
४. तेही कोरडं, तर शॉवर भिंतीवर सोडा, अर्धा तास. भिंतीचे सांधे किंवा नळाभोवतीची फट.

एकाच दिवशी दोन चाचण्या करू नका, निकाल एकमेकांत मिसळतात. पाण्यात खाण्याचा रंग टाकला तर खालच्या डागावरून खात्री पटते. चारही चाचण्यांना ठेकेदाराला बोलवा, लेखी तारीख देऊन. आला नाही तर व्हिडिओ.

नुकसान वाढू नये म्हणून व्हॉल्व्ह बंद करणं, सामान हलवणं, बादली लावणं यात हमीला धक्का लागत नाही. उलट ते न केल्यास वाढलेलं नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं.

---

करारनामा

रोखलेल्या रकमेबद्दल. लहान ठेकेदाराकडे खेळतं भांडवल फारसं नसतं, त्यामुळे त्याचा नकार नेहमी वाईट हेतूचा नसतो. पर्याय असे: ५ ऐवजी अडीच टक्के आणि तेही फक्त वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंगच्या भागावर, किंवा हप्ते अशा टप्प्यांना बांधा की चाचणी पास झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. "टाइलचं काम ५० टक्के" या टप्प्याऐवजी "पाणी भरून केलेली चाचणी, दोन्हींच्या सहीसह" हा टप्पा लिहा. मोठं काम असेल तर बँक गॅरंटीही चालते. काहीच मान्य नसेल तर मात्र वर्षांचा आकडा कमी धरून त्याच्या कोटेशनची तुलना करा. हमी देणाऱ्याचं दुकान पाच वर्षांनी उघडं असेल का, हा हमीचाच भाग आहे. त्याचे उप-ठेकेदार थेट तुमच्या नावाने वेगळं पत्र देत असतील तर घ्या.

कायद्याचं थोडक्यात. देशोदेशी फरक आहे. फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्यापासून एक, दोन आणि दहा वर्षं अशा टप्प्यांची जबाबदारी बांधणाऱ्यावर असते, आणि दहा वर्षांच्या भागाला विमा सक्तीचा. भारतात रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या (२०१६) कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत दिसलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पण ते विकासक आणि सदनिका घेणारा यांच्यातलं आहे, तुमच्या नूतनीकरणाच्या ठेकेदाराला लागू नाही. तुमच्यासाठी करार हाच पाया, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग, तोही तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत.

एक धोका इथेच नोंदवतो: घर नवं असेल आणि विकासकाची मुदत चालू असेल, तर बाथरूम फोडण्याआधी जुन्या अवस्थेची चाचणी आणि फोटो घ्या. एकदा त्याचा थर तुम्ही फोडलात की त्या जागेबद्दल विकासकाकडे जाणं अवघड होतं.

तक्रार नेहमी लेखी: तारीख, जागा, फोटो, कोणतं कलम, किती दिवसांत पाहणी हवी. फोनवर बोललात तर लगेच मेसेज टाका, "आज अमुक बोलणं झालं, अमुक तारखेला पाहणी ठरली." मुदत संपायच्या महिनाभर आधी घरभर फिरून शेवटची यादी पाठवा, मुदतीत कळवलेला दोष मुदतीनंतर दुरुस्त झाला तरी हमीतच धरला जाईल, हे वाक्यही करारात असू द्या.

---

उंबरठा

ट्रॅप आणि व्हॉल्व्ह ठेकेदाराकडूनच घेतो. अडीच टक्क्यांना तो तयार झालाय. शेवटचा एक प्रश्न: पुढच्या वर्षी गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचा विचार आहे. त्याचे बोल्ट गच्चीत जाणार. वॉटरप्रूफिंगची हमी टिकेल का?

---

ओळंबा

थरातून बोल्ट गेला की हमी गेली, बहुतेक सगळ्या पत्रांत. म्हणून पॅनेल पुढच्या वर्षी असले तरी त्यांचे चौथरे आत्ताच करून घ्या. सोलरवाल्याकडून पायांची जागा आणि वजनाचं रेखाचित्र आताच मागवा, इंजिनिअरला दाखवा, स्लॅबला सळयांनी बांधलेले काँक्रीटचे चौथरे निदान ३०० मिमी उंच घ्या आणि वॉटरप्रूफिंगचा थर चौथऱ्याच्या चारही बाजूंनी वर चढवून माथ्यापर्यंत न्या. बोल्ट चौथऱ्याच्या माथ्यात जाईल, पाणी साठतं त्या पातळीच्या बराच वर. चौथरे उताराच्या वाटेत आडवे येत नाहीत ना, तेवढं बघा. मागे पाणी तुंबलं तर तिथलाच थर आधी खराब होतो.

ते जमत नसेल तर वॉटरप्रूफिंग करणाऱ्याकडून आधी लेखी परवानगी घ्या, भोकं पाडण्याच्या दिवशी त्याचाच माणूस हजर ठेवा, सील त्यानेच करावं, आणि तेवढ्या भागात पुन्हा बांध घालून ४८ तास पाणी भरा. त्या चाचणीच्या कागदावर सोलरवाला आणि वॉटरप्रूफिंगवाला, दोघांच्याही सह्या घ्या. गच्चीवर टाकीचा स्टँड, डिश अँटेना, एसीचं बाहेरचं युनिट येणार असेल तर त्यांनाही हाच नियम, आणि त्यांच्या जागा आताच नकाशावर खुणा करून ठेकेदाराला द्या.